घरटी एक माणूस

१४ ऑक्टोबर, शनिवार

बाबांच्या घराचं कुलूप उघडायला अर्धा तास लागला. शेवटी येसाजीदादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, दगडाचे तीन घाव घालून ते उघडलं आणि वर मलाच म्हणाला, "कुलूप चांगलं हाय, टाकू नको." बाबा गेल्यापासून बारा वर्षं घर बंद. आत कोळ्यांनी सगळा ताबा घेतलेला.

दादाची बायको, सोनाबाई वहिनी, केरसुणी घेऊनच आली. झाडता झाडता विचारलं, "किती दिवस हायस?"

"राहायलाच आलेय, वहिनी. सरपंचपदाला उभी राहतेय."

"बरं बरं. दसऱ्यापातूर हायस ना?"

मी हसले. सवय होईल त्यांना.

ही वही मुद्दाम आणली. सत्तावीस वर्षं हायकोर्टात दुसऱ्यांची भांडणं लिहिली, आता स्वतःचं काहीतरी लिहावं. मधली पाच वर्षं मुंबईत नगरसेविका होते. सभागृहात प्रत्येक ठरावाची प्रत मागायचे, वाचल्याशिवाय हात वर करायचा नाही असं व्रतच घेतलं होतं. सहाव्या वर्षी पक्षाच्या कार्यालयात तिकीट मागायला गेले तर कुणी चहासुद्धा विचारला नाही. तेव्हाच ठरवलं की सुधारणा करायची तर खालून करायची, जिथे हजार-अकराशे मतं आहेत आणि सगळे ओळखीचे. जानेवारीतच मतदारयादीत नाव इकडे आणलं. मनोजचं म्हणणं वेगळं आहे. नवरा भूलतज्ज्ञ असल्याने तो म्हणतो, "लोकांना झोपवायचं काम माझं, तू भाषणं करून ते हिरावून घेऊ नकोस."

जिने सव्वादोनशे जणांच्या सभागृहाला ऐकवलं तिला शिरसवळसारखं गाव काय अवघड आहे?

१६ ऑक्टोबर, सोमवार

खालापूर तहसीलला जाऊन अर्जाचे कागद घेतले. नंतर दादाबरोबर ओढ्याची वाट पाहायला गेले. ही वाट हाच माझा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाच्या मागून ओढ्याकडे जाणारी गाडीवाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पलीकडे सहा-सात जणांची शेतं. दरवर्षी दिवाळीनंतर गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि सगळे मिळून मातीच्या पिशव्या रचून ओढ्यावर बंधारा घालतात. त्यामुळे विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं. पण चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बिल्डरने वरचा माळ विकत घेतला, आणि या वर्षी १० मे रोजी तारेचं कुंपण घातलं ते थेट वाटेवरून. त्याच्याकडे ग्रामसभेचा ना-हरकत ठराव आहे. गावाला तो ठराव कधी झाला तेच माहीत नाही. इथे ग्रामसभेच्या वहीवर सह्या आधी होतात, मजकूर मागाहून चढतो.

माझा जाहीरनामा एका ओळीचा आहे : वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

वाट उघडणं खरं तर कठीण नाही. मामलेदार कोर्टाचा जुना कायदा आहे, तहसीलदाराकडे दावा लावायचा. फक्त सहा महिन्यांची मुदत असते. म्हणजे १० नोव्हेंबरपर्यंत. मतदान ५ ला, निकाल ६ ला. सरपंच म्हणून निवडून आले की ताबडतोब दाखल करीन, त्याला वजन येईल. आत्ताच केलं तर प्रचारात सांगायला काय उरलं?

परतताना दादा म्हणाला, "बंधाऱ्याला घरांची नावं पुकारतो मी. तुझ्या बापाचं नाव आलं का सगळे म्हनतात, बंद. 'गजाचं घर?' 'बंद.' बारा वर्सं झाली." मला जरा वाईट वाटलं, पण दादा सहज बोलत होता.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून घरोघर. पत्रकं, पांढरे बूट, खांद्याला पिशवी. एका घराला सात मिनिटं असा हिशेब बसवलाय. उंबऱ्यावरच उभी राहते, मुद्दा मांडते, पुढे. चहा-पाण्यात वेळ घालवला तर दोनशे दहा घरं व्हायची कधी?

आणि काय प्रतिसाद! नऊ घरांत ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं साग्रसंगीत. नवरात्र आहे हे खरं, पण चेहऱ्यावरचं प्रेम कळतंच की. एका सुनेने तर डोळे पुसले. म्हणाली, "पुन्हा या हां, ताई." मुंबईच्या प्रचारात लोक दाराच्या भोकातून बघायचे.

नारळ: नऊ. एका घरात चार मतं धरली तरी छत्तीस.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्ज भरला. समोर एकच उमेदवार. हर्षला, वय चौतीस, बारावी पास, गावची सून. नवरा कमलेश जमिनीचे व्यवहार करतो. बिल्डरला माळ त्यानेच मिळवून दिला असं म्हणतात. तहसील कचेरीत अर्ज तिने भरला, बोलत मात्र तोच होता. तिला सही कुठे करायची ते त्याने बोटाने दाखवलं आणि तिने केली. वाचलं नाही. मला राहवलं नाही, म्हटलं, "हर्षला, वर काय लिहिलंय ते तरी बघ." तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं राग आला. मग ती खाली मान घालून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली आणि कमलेशची चुळबुळ सुरू झाली.

नारळ: अठ्ठावीस. खोबऱ्याच्या वड्या कराव्यात का?

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

नारळ एकाहत्तर. माजघराचा कोपरा भरला. तांदळाला पिंप आणावं लागलं.

आज अंबूबाई आत्या सोनं द्यायला आल्या. सख्खी आत्या नाही, बाबांची मानलेली बहीण. पंच्याहत्तरीच्या असतील. त्यांचं शेत नेमकं कुंपणापलीकडे. भात कापणीला आलंय आणि भारे डोंगराच्या कडेने, अडीच किलोमीटरचा फेरा घालून आणावे लागतात. मी त्यांना माझा बेत समजावून सांगितला, मुदत वगैरे सगळं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तू वाट उगडू शकतीस."

"हो तर. निवडून आले की लगेच."

"आनि नाय आलीस तर?"

"येणार आत्या, काळजी करू नका."

त्या आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून गेल्या. म्हाताऱ्या माणसांना निवडणुकीचं गणित कळत नाही, त्यांना सगळं आत्ताच हवं असतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

देवळासमोर सभा. चाळीस खुर्च्या, माणसं बावीस. बाकी सगळे कापणीला. मी पाऊण तास बोलले. शेवटी विचारलं, "वाचल्याशिवाय सही करायची का?" सगळे म्हणाले, "नाय, नाय." "मग मत कुणाला?" सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. साक्षीदाराला इतका सूचक प्रश्न विचारला असता तर न्यायाधीशांनी खडसावलं असतं, पण इथे चालतं.

सोनाबाई वहिनी घरी येताना म्हणाली, "बोलतेस गं छान. टीवीवर बोलत्यात तसंच." तिचा आवाज का कोण जाणे पडलेला होता. कापणीने दमली असेल.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रचार संपला. एकशे सतरा घरांनी ओटी भरली. सतरा चोक अडुसष्ट करत चारशे अडुसष्ट मतं. मतदान साडेआठशेच्या आसपास होतं, म्हणजे आरामात. मनोजला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "विनिता, तू नारळ मोजतेयस?" त्याला गावातलं काय कळतंय, तो गिरगावचा.

मतपत्रिकेवर माझं नाव 'अ‍ॅड. विनिता मनोज कारखानीस' असं आलंय. चिन्ह कपाट. आईबाबांचं नाव कुठेच नाही, ते जरा खुपलं.

६ नोव्हेंबर, सोमवार

हर्षला सहाशे पंचाहत्तर. मी एकशे त्रेसष्ट. कोणीच नको म्हणणारे तेवीस.

खालापूरच्या मतमोजणीच्या मांडवात तो आकडा ऐकला तेव्हा मला खरंच वाटलं की गठ्ठे उलटसुलट झालेत. फेरमोजणीचा अर्ज मनात तयारसुद्धा झाला होता. मग हर्षला दिसली, गुलालात माखलेली. ती येऊन पाया पडायला वाकली. मी तिला उठवलं, अभिनंदन केलं, रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाला गावचाच. त्याने आरसा दुसरीकडे वळवला. बहुतेक त्यानेही मला मत दिलं नसावं, त्याच्या बायकोने ओटी भरली होती तरी.

खोटं बोलतात लोक. तोंडावर गोड. ह्यासाठी मी सत्तावीस वर्षांची वकिली बाजूला ठेवली?

८ नोव्हेंबर, बुधवार

आज घडलेलं जसंच्या तसं लिहायचं आहे.

मनोज गाडी घेऊन मला न्यायला आला. बिचारा नारळ डिकीत भरत होता. एवढ्यात आत्या आल्या, हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, हळदीकुंकू. मला पाटावर बसायला सांगितलं.

माझा तोल गेला. "आत्या, एकशे सतरा घरांनी ओटी भरली माझी! मग मतं कुठे गेली?"

आत्या सूप मांडीवर घेऊन समोर बसल्या. हळूच विचारलं, "लेकीची ओटी कवा भरत्यात गं?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"लेक जायाला निगाली का भरत्यात. तू आलीस तीच जायाला निगाल्यावानी. पायात बूट, हातात कागद, उंबऱ्याव उभी. कोनाच्या घरात टेकलीस का? च्या पिलीस का कोनाचा? लोकं म्हनली, गजाची लेक हाय, मोठी वकील हाय, चार दिस आली हाय. तिला मोकळ्या हातानं कशी लावायची? मंग जो तो तुजी पाठवनी करत ऱ्हायला. खोटं नाय बोललं कोन."

मनोज दारात नारळ घेऊन तसाच उभा होता.

सगळं मला एकदम दिसलं. 'किती दिवस हायस?' 'पुन्हा या हां, ताई.' ती सून डोळे पुसत होती ती मला निरोप देताना. अख्ख्या गावाने महिनाभर मला निरोप दिला आणि मी मतं मोजत बसले. साक्षीदार सगळं खरं सांगत होते, मीच ऐकलं नाही. मला इतकी लाज वाटली की हसूच आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू.

आत्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आनि वाटंचं काय? तू सरपंच नाय झालीस. म्हंजे ऱ्हायली बंद?"

हाच प्रश्न त्यांनी दसऱ्याला विचारला होता, आणि मला त्यातला 'येणार की नाही' एवढाच भाग ऐकू आला होता. वाट उघडायला सरपंच लागत नव्हता, वकील लागत होता, आणि वकील महिनाभर इथेच बसून होता. मी वाटेला माझ्या निवडणुकीसाठी अडकवून ठेवलं. बिल्डरने तारेने अडवली, मी तारखेने.

आज आठ. मुदत दहाची.

मी पदर मागे घेतला. सवाष्णीने ओटी नाकारू नये म्हणतात, पण मी म्हटलं, "आत्या, ओटी नको. मी जात नाही. तुमच्या शेताचा सातबारा कुठाय?"

दिवसभर दावा लिहिला. बाबांच्या पाटावर, पाय दुमडून. अर्जदार अंबूबाई, वकील मी. मनोजने नारळ परत आत आणून ठेवले आणि कर्जतला जाऊन झेरॉक्स काढून आणल्या. संध्याकाळी वकीलपत्र पुढे केलं आणि शाईचा पॅड उघडला, तर आत्यांनी अंगठा पाठीमागे लपवला.

"आदी वाच."

"अहो आत्या, मीच लिहिलंय."

"तूच सांगत हुतीस ना सगळ्या गावाला? वाच म्हनते."

चार पानं वाचली. दोन ठिकाणी त्यांनी चूक काढली. ओढ्याजवळचं झाड उंबर नाही, आसाणा आहे. आणि वाट दहा फूट नाही, बैलगाडी वळायची म्हणजे बारा. दुरुस्ती केली. मग त्यांनी अंगठा दिला. माझ्या सगळ्या प्रचाराचं एवढं एकच मत खरं होतं बहुतेक, पण ते पक्कं होतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

दावा दाखल. खालापूरच्या कारकुनाने शिक्का मारताना तारीख बघितली आणि म्हणाला, "मॅडम, एक दिवस राखून आलात." हायकोर्टात मोठमोठे निकाल घेतले, पण त्या जांभळ्या शिक्क्याइतका आनंद क्वचितच झाला असेल.

परतताना बूट पिशवीत टाकले, चप्पल घातली. वाटेत चार घरी चहा प्याले. चौथ्या घरी जाम गोड होता, तरी संपवला.

१५ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज

येसाजीदादाला ओवाळलं. पिंपातल्या तांदळाचा नारळीभात केला, एकशे सतरा घरांचा मिळून. कुठे आंबेमोहोर, कुठे कोलम, कुठे जाड. काही शितं मऊ, काही टणक. दादा दोनदा वाढून घेऊन म्हणाला, "शिजवायचं नाय समजलं तुला." आता आचारसंहिता नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही वाटला.

१ डिसेंबर, शुक्रवार

तहसीलदार जागा बघायला आले. बिल्डरचा वकील म्हणाला, इथे वाट कधी नव्हतीच. मी उलटतपासणीच्या पवित्र्यात पुढे सरकणार तेवढ्यात मागून हर्षला म्हणाली, "होती, साहेब."

कमलेशने तिच्याकडे बघितलं. ती तहसीलदारांकडेच तोंड करून बोलली. "मी लग्न होऊन आले तेव्हा ओढा पुजायला मला ह्याच वाटेनं नेली. माझ्या लग्नाच्या सीडीत हाय, मोबाईलवर बी घेतलीय. दावते." आणि मोबाईल काढून खरंच दाखवलं. तहसीलदारांनी, दोन कारकुनांनी आणि बिल्डरच्या वकिलाने डोकी एकत्र करून ते लग्न पाहिलं. पालवीने भरलेला आसाणा मागे स्पष्ट दिसत होता.

बिल्डरचा माणूस बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो तडजोडीवर. बारा फूट सोडतो म्हणाला. मी ती तडजोड तिथेच लिहिली आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचली, मगच सह्या.

जाताना हर्षला माझ्याजवळ थांबली. "ताई, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी वही वाचून दावनार हाय. आदी येऊन सराव करू का तुमच्याकडं? घरी नाय जमत." मी म्हटलं, कधीही ये. माझ्या जाहीरनाम्याला सहाशे पंचाहत्तर मतं पडली असं धरायला हरकत नाही.

२४ डिसेंबर, रविवार

हात दुखताहेत, थोडक्यात लिहिते.

आज बंधारा. काल संध्याकाळी देवळाच्या कर्ण्यावर पुकारलं, "घरटी एक मानूस, सकाळी सातला." मी सातला वीस कमी असतानाच ओढ्यावर. मोकळ्या वाटेने गेले. सोनाबाई वहिनीच्या शेजारी बसून पिशव्यांत माती भरायला लागले. ती म्हणाली, "निम्मी भर, नायतर उचलनार कोन?" या वेळी 'किती दिवस हायस' असं तिने विचारलं नाही.

येसाजीदादा दगडावर उभा राहून घरांची नावं पुकारत होता. ज्याचं त्याने हाय म्हणायचं. मी पिशवीचं तोंड बांधण्यात गुंतलेली.

"गजाचं घर?"

कुणीच 'बंद' म्हणालं नाही. मला वाटलं, दादा पुढचं नाव घेईल. बारा वर्षांची रीत. पण तो थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"गजाचं घर! काय गं विने, बहिरी झालीस का?"

गेले दोन महिने मी इथे वकीलबाई होते. विनी मला बाबा म्हणायचे.

"हाय," मी म्हटलं. सत्तावीस वर्षं ज्या बाईला कोर्टात गप्प बसवणं न्यायाधीशांना जमलं नाही तिचं भाषण एका शब्दात संपलं. दादाने पुढचं नाव घेतलं, कुणी फार लक्ष दिलं नाही, आत्यांनी तेवढी माझ्या पायाशी अजून चार रिकाम्या पिशव्या टाकल्या.

संध्याकाळपर्यंत बंधारा कमरेइतका झाला. पाणी तुंबायला लागलंय. उरलेलं काम परवा, मंगळवारी. मी दादाला म्हटलं, मंगळवारी येता येणार नाही, खालापूरला एका अशिलाने बोलावलंय.

"मंग तुझ्या बदली मानूस दे."

"माणूस कुठून देऊ? घरात मी आणि मनोज."

"मंग मनोजराव येतील."

"अरे, जावई आहे तो गावचा!"

"जावई बिवई काय नाय," दादा म्हणाला. "घरटी एक मानूस."

मनोजला फोन केला. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणाला. घमेलं कुठल्या हाताने धरायचं ते विचारत होता.